मोरपीस कुठे ठेवलंय? फोनवरचा ‘न वाचलेले’चा आकडा नेमकं काय मोजतो

नानांच्या फोनवर सहा ग्रुप आहेत. एकात रोज संध्याकाळी बऱ्हाणपूरच्या केळीचे भाव येतात, एकात करप्यावर कोणी काय फवारलं याची चर्चा चालते, एकात भावकीतली लग्नं आणि गंधमुक्तीच्या पत्रिका, आणि उरलेल्या तिनांत तेच ते फोटो फिरून फिरून येतात. नाना म्हणजे माझे चुलत काका. गाव रावेर तालुक्यात, घरची साडेचार एकर केळी, त्यातली निम्मी पिलबाग.

गेल्या कटाईच्या वेळची गोष्ट. व्यापाऱ्याने रात्री ग्रुपवर टाकलं की उद्या सकाळी सहाला गाडी लागेल, सुरुवात नानांच्या मळ्यापासून. सहाला कटाईवाले मजूर बांधावर हजर आणि नाना घरी चहा पीत बसलेले. मजुरांनी थोडी वाट पाहिली आणि ते शेजारच्या मळ्यात गेले. नानांची गाडी चार दिवस पुढे गेली. मग व्हायचं तेच झालं, वादावादी. नाना म्हणाले, मला निरोपच नाही. व्यापाऱ्याने फोन काढून समोर धरला: “नाना, हे पाहा ना, तुम्ही रात्री ९ वाजून ४२ मिनिटांनी वाचलंय.”

नाना खोटं बोलत नव्हते आणि व्यापाऱ्याचा फोनही खोटं बोलत नव्हता. रात्री पावणेदहाच्या सुमारास नानांनी ग्रुपच्या नावापुढे हिरव्या गोलात ३४७ पाहिलं. तो आकडा त्यांना खुपतो, दारात कोणी उभं राहिल्यासारखा. त्यांनी ग्रुप उघडला, खाली नेणाऱ्या बाणावर बोट ठेवलं, तळाशी कोणाचं तरी गुलाबाचं ‘शुभ रात्री’ पाहिलं आणि फोन उशाशी ठेवला. आकडा गेला, जीव थंड झाला.

दुसऱ्या दिवशी मी जळगावहून गेलो तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. “भाऊ, तू कंप्युटरचं शिकेल आहे ना? मग सांग, हा फोन मले खोट्यात काऊन पाडी राहिला?”

त्या दिवशी ओट्यावर बसून जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर.

३४७ म्हणजे एक वजाबाकी

आपल्याला वाटतं की फोनकडे वाचलेल्या आणि न वाचलेल्या मेसेजची यादी असेल. बहुतेक ठिकाणी अशी यादी नसते. असते ती एक खूण.

आमची आजी श्रावणात रोज पोथी वाचायची. आज अकराव्या अध्यायापर्यंत आली की तिथे मोरपीस ठेवायचं आणि पोथी मिटायची. पोथीच्या एकाही पानावर तिने ‘वाचलं’ असं लिहिलेलं नव्हतं. मोरपिसाच्या अलीकडचं सगळं वाचलेलं, पलीकडचं सगळं राहिलेलं. कोणी विचारलं की किती राहिलं, तर शेवटच्या पानाच्या आकड्यातून मोरपिसाच्या पानाचा आकडा वजा करायचा.

ग्रुपचंही साधारण असंच. समजा ग्रुपवरच्या प्रत्येक मेसेजला आल्याच्या क्रमाने नंबर मिळतो आणि शेवटचा मेसेज आहे ८,४१२ वा. नानांचं मोरपीस ८,०६५ वर आहे. वजाबाकी ३४७. हिरव्या गोलात तेच दिसतं. नाना बाणावर बोट ठेवून तळाला गेले, ॲपने मोरपीस उचलून ८,४१२ वर ठेवलं, वजाबाकी शून्य. गाडीचा निरोप होता ८,२९० वा. तो मोरपिसाच्या मागे गेला, म्हणजे ‘वाचलेला’ झाला. वाचला की नाही, हे कोणी विचारलंच नाही. (त्याच्या खाली इतके मेसेज कसे, असा प्रश्न पडला असेल तर सांगतो. कोणीतरी एका घडाचा फोटो टाकून वजन ओळखायला सांगितलं होतं. ते भांडण अजून मिटलेलं नाही.)

संगणकवाले या मोरपिसाला ‘रीड मार्कर’ म्हणतात. आपण मोरपीसच म्हणू. टेलिग्रामने आपली तांत्रिक कागदपत्रं जाहीर केलेली आहेत, त्यात हे उघड दिसतं: प्रत्येक संभाषणापुढे ‘येणारे मेसेज कितव्या नंबरापर्यंत वाचले’ असा एकच आकडा ठेवलेला असतो आणि शेजारी न वाचलेल्यांची संख्या. व्हॉट्सॲपमध्ये मेसेज एकदा पोचले की ते कंपनीच्या संगणकावर राहत नाहीत, आपल्या फोनवर राहतात, त्यामुळे हिशोबाची वही फोनमध्येच असते. वही कुठे आहे एवढाच फरक.

“मग प्रत्येक मेसेजवर टीक का करत नाहीत?”

नानांचा पुढचा प्रश्न हाच होता, आणि रास्त होता. बाजार समितीत प्रत्येक पोत्यावर खूण करतात, मग इथे का नको?

हिशोब करून पाहू. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आता १,०२४ जण राहू शकतात. रोज २०० मेसेज धरा. केळीच्या ग्रुपला भाव पडलेल्या दिवशी ते कमीच आहेत. प्रत्येक माणसाची प्रत्येक मेसेजवर वेगळी टीक ठेवायची तर दिवसाला २,०४,८०० टिका. वर्षाला सुमारे साडेसात कोटी. एका ग्रुपच्या. मोरपिसाने भागवलं तर माणशी एक आकडा, म्हणजे एकूण १,०२४ आकडे, ग्रुप दहा वर्षं चालला तरी तेवढेच.

म्हणून जिथे वाचणारे पुष्कळ आणि मजकूर पुष्कळ, तिथे मोरपीस. जिथे एकाच माणसाची टपाल, तिथे टीक परवडते. ईमेल हे दुसऱ्या जातीचं. १९८६ साली मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना आयमॅप नावाची पद्धत बसवली, ती आजही जगभर चालते. तिच्यात प्रत्येक पत्राला ‘पाहिलं’ अशी स्वतंत्र खूण लावता येते. त्यामुळे ईमेलमध्ये वरची चार पत्रं सोडून पाचवं वाचलं तर वरची चार ठळक अक्षरांत तशीच थांबतात. ग्रुपमध्ये मधलं गाळून पुढचं वाचलं तर गाळलेलं मागे पडतं, आणि मागे पडलेल्याला कोणी विचारत नाही.

याचा एक पुरावा तुमच्या फोनवरच आहे. व्हॉट्सॲपवर एखाद्या गप्पेवर बोट दाबून धरा आणि ‘न वाचलेले’ अशी खूण करा. आकडा येत नाही, नुसता ठिपका येतो. कारण मोरपीस मागे सरकलेलंच नाही. दरवाज्याला नुसती चिठ्ठी लावली, ‘इथे काहीतरी बघायचं राहिलंय’. समोरच्याला गेलेल्या निळ्या खुणाही त्याने परत फिरत नाहीत.

जुनी माणसं हुशार होती

मोरपिसाची ही अडचण पहिल्यांदा आपल्याला आलेली नाही. १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी यूजनेट नावाच्या चर्चेच्या जाळ्याची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी ते चालू झालं. विषयवार गट, कोणीही लिहावं, बाकीच्यांनी उत्तरं द्यावीत. आजच्या सगळ्या ग्रुपांचा आणि चर्चास्थळांचा हा आजा.

तिथे वाचकाच्या संगणकावर एक साधी मजकुराची फाइल असायची. तिच्यात दर ओळीला एका गटाचं नाव, नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबं असली तर हा गट आपण पाहतो, उद्गारचिन्ह असलं तर सोडून दिला. आणि त्यापुढे वाचलेल्या लेखांचे नंबर, पण एकेक नाही, तुकड्यांनी. समजा नानांनी बाकी सगळं वाचून फक्त गाडीचा निरोप गाळला असता, तर त्यांची ओळ तिथे अशी दिसली असती:

केळी-भाव: १-८२८९, ८२९१-८४१२

पाहा, ८,२९० वा गळलाय हे त्या ओळीत स्पष्ट आहे. आठ हजारांवर मेसेजचा हिशोब चार आकड्यांत, आणि गाळलेला एक सुटा दिसतो. मोरपिसाची काटकसर आणि टिकेचा नेमकेपणा दोन्ही साधलं. मला ही फाइल फार आवडते, सातबाराच्या उताऱ्यासारखी: कोणता तुकडा कोणाकडे, सगळं एका ओळीत.

मग ती पद्धत मागे का पडली? एक तर तेव्हा लेख एकेक करून उघडावा लागायचा, म्हणून कोणता उघडला आणि कोणता नाही हे कळायचं. आता आपण अंगठ्याने मजकूर वर लोटत जातो; त्यात वाचलेलं कुठलं आणि लोटलेलं कुठलं? दुसरं, त्या फाइलमधले नंबर ज्या सर्व्हरने दिले त्याचेच असायचे. (सर्व्हर म्हणजे सगळ्यांचे मेसेज घेऊन वाटणारा दूरचा संगणक.) सर्व्हर बदलला की त्याचे नंबर वेगळे आणि आपली वही रद्दी.

नंबर शेतात द्यायचा की फाटकावर?

हा नंबर देतो कोण, यात एक गंमत आहे. पाल हे गाव सातपुड्याच्या कुशीत. समजा तिथल्या एकाने साडेसातला मेसेज लिहिला, रेंज नव्हती, तो निघाला सव्वानऊला. मधल्या काळात तुम्ही नऊपर्यंतचं सगळं वाचून मोरपीस पुढे ठेवलंय. आता लिहिल्याच्या वेळेनुसार त्याला जागा दिली तर तो तुमच्या मोरपिसाच्या मागे जाऊन बसेल. आला नवीन, पण मोजला जाणार नाही. तुम्हाला तो कधीच ‘नवीन’ दिसणार नाही.

बाजार समितीचं पाहा. ट्रॅक्टर शेतातून किती वाजता निघाला हे कोणी लिहीत नाही, फाटकातून आत आला की आवक नोंदवतात. मेसेजचंही तसंच करावं लागतं. नंबर पोचल्यावर द्यायचा, निघाल्यावर नाही. त्यात प्रत्येक फोनचं घड्याळ थोडं पुढेमागे असतं ही वेगळीच भानगड. निरनिराळ्या संगणकांच्या घड्याळांवर भरवसा न ठेवता घटनांचा क्रम कसा लावायचा, यावर लेस्ली लँपोर्ट यांनी १९७८ साली लिहिलेला निबंध संगणकशास्त्रात अजून शिकवला जातो. त्याचं सार शेतकऱ्याला नवीन नाही: घड्याळ पाहू नका, पावतीचा नंबर पाहा.

‘नवीन’ कोण ठरवतं?

आता जरा अवघड जागेकडे येऊ. मोरपिसाच्या पुढे जे आलं ते नवीन, हे कळलं. पण ‘आलं’ कशाला म्हणायचं?

भावाच्या ग्रुपवर एकदा एकाने भाव टाकला १,४५०. पाच मिनिटांनी त्याला चूक कळली, त्याने तोच मेसेज दुरुस्त करून १,५४० केला. व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटांत तो बदलता येतो, २०२३ पासून ही सोय आहे. पण दुरुस्तीची नवी सूचना कोणालाच जात नाही. मेसेजचा नंबर तोच, जागा तीच, फक्त शेजारी बारीक अक्षरांत ‘संपादित’. ज्यांनी पहिल्या पाच मिनिटांत पाहिलं ते १,४५० धरूनच झोपले. क्विंटलमागे नव्वद रुपयांचा फरक, आणि फोनच्या लेखी काहीच घडलं नाही.

ही चूक नव्हे, ठरवून केलेली निवड आहे. दर वेलांटी सुधारली की हजार फोन वाजले असते तर लोकांनी दुरुस्ती करणंच सोडलं असतं. पण निवड कोणाची, हे लक्षात ठेवावं. शाळेच्या ग्रुपवर दुरुस्ती म्हणजे वेलांटी. भावाच्या ग्रुपवर दुरुस्ती म्हणजेच बातमी. ॲपला हा फरक ठाऊक नाही. म्हणून पैशाचा आकडा चुकला तर जुना दुरुस्त करू नये, नवा मेसेज टाकावा. एवढं एक मी सगळ्या ग्रुपांत सांगत असतो, कोणी ऐकत नाही.

मोठ्या चर्चास्थळांवर हा प्रश्न आणखी फिरतो. मायबोली हे मराठी चर्चास्थळ १९९६ पासून चालू आहे. अशा ठिकाणी धागे, म्हणजे एकेका विषयावरच्या चर्चा, हजारोंनी साठतात आणि कोणी सगळे वाचू शकत नाही. तिथे बहुधा ज्या धाग्यावर शेवटचं उत्तर सगळ्यात ताजं, तो वर येतो. म्हणून सहा वर्षांपूर्वीच्या चर्चेखाली एखाद्याने आज ‘धन्यवाद’ लिहिलं की ती वर येऊन बसते आणि बाकीच्यांना वाटतं, काय झालं बुवा? झालेलं काही नसतं. कानबाईच्या रोटाच्या सणाला लांबचा पाहुणा आला की विझलेली भांडणं पुन्हा ओट्यावर येतात, तसं.

जुन्या काळी काही स्थळं प्रत्येक धाग्याचं मोरपीस ठेवतच नसत. संपूर्ण स्थळाला मिळून एकच वेळ लक्षात ठेवायची: हा माणूस मागच्या खेपेला कधी येऊन गेला. त्यानंतरचं ते नवीन. बाजाराला आलेला माणूस विचारतो ना, ‘मागच्या बाजारानंतर काय काय झालं?’, तशी रीत. सोपी आणि स्वस्त. पण दोन धागे वाचून झाले, तेवढ्यात वीज आली म्हणून तुम्ही मोटर चालू करायला गेलात, तासाभराने परतलात, तर स्थळाच्या लेखी ती तुमची नवी खेप. आधीच्या खेपेला न उघडलेले वीस धागे एकदम जुने.

वहीला मर्यादाही असतेच. ड्रूपल नावाची एक प्रणाली आहे, पुष्कळ स्थळं तिच्यावर उभी आहेत. तिच्यात ३० दिवसांपेक्षा जुना मजकूर तुम्ही कधीही उघडलेला नसला तरी ‘वाचलेला’ धरतात आणि तेवढ्या जुन्या नोंदी पुसून टाकतात. महिन्याभराची उधारी माफ. काही ॲप नव्व्याण्णवपर्यंत मोजतात आणि पुढे नुसतं ९९+ लिहितात. मोजायलाही श्रम पडतात, आणि १०३ ऐवजी ४१२ असल्याने वाचणाऱ्याला काय फरक पडणार?

“पण माझी घंटी वाजलीच नाही”

घंटी आणि आकडा या दोन वेगळ्या गाड्या आहेत, आणि बहुतेक गोंधळ त्या एक समजल्याने होतो.

घंटीचा प्रश्न असा. शेतात असलेल्या सालदाराला घरचा निरोप कसा कळावा? एक, त्याने दर पाच मिनिटांनी घरी येऊन विचारावं, ‘काही निरोप?’ काम होणार नाही आणि पायांचे तुकडे पडतील. दोन, निरोप असेल तेव्हा घरच्यांनी पोरगं धाडावं. फोनमध्ये तीस ॲप असतील आणि प्रत्येक ॲप स्वतः विचारत बसलं तर बॅटरी दुपारपर्यंत मान टाकेल. म्हणून ॲपलने २००९ साली आणि गूगलने २०१० साली आपापली सामाईक निरोप-वाहतूक सुरू केली. सगळ्या ॲपांचे निरोप एकाच वाटेने येतात, गावात एकच पोस्टमन असावा तसे.

पोस्टमन एक असण्याचा तोटाही आहे. फोन बराच वेळ हलला नाही, पडदा बंद, चार्जरही नाही, तर ॲंड्रॉइड त्याला डुलकी घेऊ देतो. ही सोय २०१५ पासून आहे. तातडीचे समजलेले निरोप तेवढे आत येतात, बाकीचे जरा थांबवून गठ्ठ्याने दिले जातात. त्यातून कोणी बॅटरी वाचवण्याची कडक सेटिंग लावलेली असेल तर विचारूच नका. घंटी उशिरा वाजते किंवा वाजतच नाही, मेसेज मात्र हरवलेला नसतो. फोन बंदच राहिला तर व्हॉट्सॲप न पोचलेला मेसेज ३० दिवसांपर्यंत सर्व्हरवर सांभाळून ठेवतं.

उलटही होतं. वरची पट्टी खाली ओढून निरोप तिथेच वाचला आणि बोटाने बाजूला सारला, तर तुम्ही वाचलंत पण मोरपीस हललं नाही. आकडा तसाच, समोरच्याला निळी खूणही नाही. म्हणजे नानांच्या नेमकं उलट. त्यांनी न वाचता मोरपीस हललं. इथे वाचूनही हलत नाही. काही हुशार जावई याच वाटेने सासुरवाडीचे मेसेज वाचतात.

आणि ग्रुप ‘म्यूट’ केला, ८ तास, आठवडा किंवा कायमचा, तरी बंद होते ती घंटी. मोजणी चालूच.

एक तक्रार मला हमखास ऐकायला मिळते: आयफोनवर ॲपच्या चित्रावर लाल १ दिसतो, आत जाऊन पाहावं तर काहीच नाही. भुताचा आकडा. याचं कारण असं की ॲप बंद असताना तो लाल आकडा बहुधा फोन मोजत नाही, सर्व्हर निरोपाबरोबर तयार पाठवतो, ‘आता ५ लाव’, ‘आता ६ लाव’. मधे एखादा मेसेज पाठवणाऱ्याने मागे घेतला, किंवा ‘आता ० लाव’ हा निरोप वाटेत राहिला, की चित्रावर जुनाच आकडा चिकटून बसतो. दुकानातही हेच होतं: गल्ल्यातली रक्कम रोज मोजणाऱ्याचा हिशोब जुळतो, नुसतं तोंडी ‘आले दोन, गेला एक’ करणाऱ्याचा महिन्याअखेर एक रुपया कुठून तरी वर राहतो.

दोन फोन, एक वाचणारा

नानांच्या नातवाने नानांचं व्हॉट्सॲप घरच्या लॅपटॉपला जोडून ठेवलंय, घडांचे फोटो उतरवून घ्यायला. २०२१ पासून मुख्य फोन बंद असला तरी जोडलेली उपकरणं स्वतंत्र चालतात, आणि अशी चार जोडता येतात. आता मोरपीस कोणाचं? लॅपटॉपवर नातवाने ग्रुप उघडला आणि तळाला गेला, तर नानांच्या फोनवरचा आकडाही जातो. कारण ॲपच्या दृष्टीने वाचणारा एकच: नाना.

दोन उपकरणं दोन वेगळ्या जागा सांगू लागली तर बहुतेक ठिकाणी नियम एकच असतो, मोरपीस पुढेच जातं, मागे येत नाही. फोन म्हणतो ८,१००, लॅपटॉप म्हणतो ८,४१२, तर ८,४१२ खरं. मळ्यात रेंज नसताना फोनवर जुना आकडा दिसत राहतो आणि घराजवळ आल्यावर एकदम गायब होतो, तो यामुळे. हे सांगितल्यावर नानांनी नातवाकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. वास्तविक त्या रात्री तो बिचारा जेवत होता.

उघडलं म्हणजे वाचलं?

व्यापाऱ्याने दाखवलेलं ‘९:४२’ आलं कुठून, ते आता सांगता येईल. आपण पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून ‘माहिती’ उघडली की कोणाला पोचला आणि कोणी वाचला, वेळेसकट दिसतं. ती वेळ म्हणजे समोरच्याचं मोरपीस त्या नंबरावरून पुढे गेल्याची वेळ. त्याच्या डोळ्यांखालून शब्द गेले की नाही, हे त्या खुणेला माहीत असण्याचा मार्गच नाही. निळ्या खुणा नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्या तेव्हा लोक वैतागले, मग त्या बंद करण्याची सोय दिली. पण ती सोय दोघांच्या गप्पांपुरती. ग्रुपमध्ये बंद करता येत नाही. आणि ग्रुपमधल्या दोन्ही खुणा निळ्या होतात त्या सगळ्यांनी वाचल्यावर. मोठ्या ग्रुपात एखादा तरी फोन पाण्यात पडलेला असतो, त्यामुळे त्या निळ्या झालेल्या मी फारशा पाहिलेल्या नाहीत.

सगळेच असं करत नाहीत. टेलिग्राम ग्रुपमध्ये कोणी वाचलं ते फक्त लहान गटांत दाखवतं आणि ती नोंद ७ दिवसांनी टाकून देतं. कारण म्हणून खासगीपणा सांगतं. मला ते कारण पटतं, आणि वहीची पानं वाचतात हेही त्यात आलंच. डिस्कोर्स हे २०१३ साली आलेलं चर्चास्थळांचं सॉफ्टवेअर वेगळं वागतं: एकेक उत्तर पडद्यावर किती वेळ होतं याची नोंद ठेवतं, न पाहिलेल्या उत्तरापुढे निळा ठिपका ठेवतं आणि उत्तर काही क्षण डोळ्यांपुढे राहिलं की तो पुसतं. बाणाने तळाला उडी मारली तर मधली उत्तरं पाहिली असं धरत नाही. नानांना ते जास्त न्यायाचं वाटलं. पण त्याची दुसरी बाजू ऐकून त्यांनी नाक मुरडलं: कोण कुठल्या ओळीवर किती सेकंद थांबला, हे कुठेतरी लिहिलं जातंय.

हा नुसता ओट्यावरचा वाद नाही. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका थकबाकीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मान्य केलं. मेसेज पोचल्याच्याच नाही, तर सोबतची फाइल उघडल्याच्याही खुणा तिथे दिसत होत्या. तिथे फाइल उघडायला एकेक बोट लावावं लागलं होतं, नानांसारखी ३४७ वरून उडी नव्हती. पण खूण शेवटी खूण. दार उघडल्याची ती साक्ष देते, आत बसून ऐकल्याची नाही.

नानांनी मग काय करावं?

मी त्यांना ‘ॲट’ची खूण दाखवली. मेसेजमध्ये ती लावून एखाद्याचं नाव जोडलं की त्या माणसाच्या यादीत आकड्याशेजारी तीच खूण उमटते. व्हॉट्सॲपवर हे २०१६ पासून आहे. म्हणजे ३४७ मध्ये निदान एक तरी आपल्या नावाने हाक मारणारा आहे, हे ग्रुप उघडण्याआधी कळतं. टेलिग्रामच्या वहीत तर अशा हाकांची मोजणी वेगळीच ठेवलेली असते.

“म्हणजे मोरपीस दोन झाले,” नाना म्हणाले. आणि लगेच, “मग हे त्या व्यापाऱ्याले सांग ना, मले काय सांगी राहिला?”

सांगितलं. आता तो गाडीचा निरोप टाकताना नानांचं नाव जोडतो. आणि तरीही सकाळी साडेपाचला फोन करतो.